मुलांची माँटू चाचणी: खासगी प्रयोगशाळा आणि महापालिका रुग्णालय येथील सेवेचे परीक्षण

माँटू चाचणी, म्हणजे क्षयाच्या जंतूचा संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी हातावर सुई टोचून केली जाणारी त्वचाचाचणी. तिची सेवा जोखायची असेल तर ती तिसऱ्या दिवशी जोखावी. सुई टोचण्याचे काम दोन मिनिटांचे असते आणि ते बहुतेक ठिकाणी बरे होते. त्यानंतर ४८ ते ७२ तासांच्या आत मुलाचा हात कोण पाहतो, कसा पाहतो आणि कागदावर नेमके काय लिहितो, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. पुण्यात आमच्या घरातील मुलांच्या निमित्ताने ही सेवा आधी एका खासगी प्रयोगशाळेकडून आणि नंतर महापालिकेच्या एका रुग्णालयात घेण्याची वेळ आली. दोन्ही संस्थांची नावे मी देत नाही, कारण एका अनुभवावरून संपूर्ण संस्थेवर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. मात्र दोन्हीकडे काय घडले, त्यातले काय शास्त्राला धरून होते आणि काय नव्हते, हे तपशिलाने लिहिले तर लहान मुलांच्या पालकांचा पुष्कळ मनस्ताप वाचेल, अशी माझी खात्री आहे.

माझ्या सासूबाईंना बरेच दिवस खोकला होता. थुंकीच्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीत फुप्फुसाचा क्षय असल्याचे निष्पन्न झाले. सुदैवाने रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला तो दाद देणारा होता, त्यामुळे त्यांचे उपचार लगेच सुरू झाले. घरात आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, आणि दोघेही रात्री आजीजवळच झोपणारे. ओळखीच्या डॉक्टरांनी दोन्ही मुलांची माँटू चाचणी करून घ्या, असे सांगितले. निदान झाले त्याच दिवशी धाकट्याला त्याच्या आत्याकडे पाठवले होते, म्हणून आधी मुलीची चाचणी करायचे ठरले.

ज्यांना या चाचणीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या शुद्ध प्रथिनांचे, म्हणजे पीपीडीचे, ०.१ मिलिलिटर द्रावण कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या थरातच सोडतात. द्रावणात जिवंत जंतू नसतात, त्यामुळे चाचणीमुळे क्षय होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शरीरात या जंतूचा शिरकाव पूर्वी झालेला असेल तर त्याची ओळख असलेल्या पेशी त्या जागी गोळा होतात आणि दोन-तीन दिवसांत तिथली त्वचा घट्ट होऊन वर येते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हा क्षयाच्या जंतूंचा अर्क क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केला होता. औषध म्हणून ते अपयशी ठरले, परंतु व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्वचेवर ओरखडा काढून त्याच द्रव्याने मुलांमधील संसर्ग ओळखता येतो हे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल माँटू यांनी ते बारीक सुईने त्वचेच्या थरात देण्याची पद्धत मांडली. एवढी जुनी चाचणी आजही टिकून आहे याचे मोठे कारण असे की तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतात ती सरावलेली बोटे. आणि म्हणूनच जिथे बोटांचा सराव नाही किंवा हात पाहायला माणूसच नाही, तिथे ती केवळ नावापुरती उरते.

खासगी प्रयोगशाळेची नोंदणी मोबाइलवरून झाली. शुल्क काहीशे रुपये होते, ते आगाऊ घेतले गेले. गुरुवारी सकाळी ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ घरी आले. वागण्यात सौजन्य होते, हातमोजे आणि स्वच्छता यांत काही उणे नव्हते, मुलीशी ते चार शब्द प्रेमानेही बोलले. इथपर्यंत मी त्या सेवेला पूर्ण गुण देईन. मात्र त्यांच्या पिशवीतून निघालेली सिरिंज आधीच भरून आणलेली होती. बाटली दिसली नाही, तिच्यावरची मुदत दिसली नाही, द्रावणाची ताकद किती हे कळले नाही. पीपीडी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आणि प्रकाशापासून दूर ठेवावे लागते, आणि सिरिंजमध्ये बराच वेळ राहिल्यास त्यातील प्रथिने आतल्या भिंतीला चिकटून द्रावण कमजोर होऊ शकते; म्हणून ते टोचण्याच्या अगदी आधी बाटलीतून काढून घ्यायचे असते. टोचलेल्या जागेभोवती त्यांनी खूण केली नाही, वेळ लिहिली नाही आणि हात कधी, कोण पाहील याबद्दल काही सांगितले नाही. ‘अहवाल मोबाइलवर येईल’ एवढेच त्यांचे निरोपाचे वाक्य होते.

शनिवारी सकाळी मी स्वतःहून फोन केला, तेव्हा त्या दिवशी आमच्या भागात माणूस पाठवता येणार नाही, हाताचा फोटो पाठवा, आमचे डॉक्टर पाहतील, असे उत्तर मिळाले. फोटो पाठवला आणि संध्याकाळी अहवाल आला. त्यावर मुलीचे नाव, वय आणि ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द होता. किती मिलिमीटर, कोणत्या हातावर, किती तासांनी पाहिले, कोणत्या ताकदीचे द्रावण वापरले, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नव्हती. पुन्हा फोन करून विचारल्यावर द्रावण १० टीयूचे (टीयू म्हणजे ट्युबरक्युलिन युनिट, द्रावणाची ताकद मोजण्याचे एकक) असल्याचे सांगण्यात आले.

या अहवालात नेमके काय चुकले होते, ते नीट मांडणे आवश्यक आहे, कारण अशा प्रकारचे अहवाल अनेकांच्या हाती पडत असतील. माँटू चाचणीत लाली मोजायची नसते. टोचलेल्या जागेभोवती रक्तवाहिन्या रुंदावल्याने जी लाली येते ती अनेकांना येते आणि तिच्यावरून संसर्गाविषयी काही ठरत नाही. मोजायचा असतो तो त्वचेच्या आत पेशी साचून तयार झालेला घट्टपणा, ज्याला डॉक्टर इंड्युरेशन म्हणतात. तो डोळ्यांना फारसा दिसत नाही. बोटाच्या टोकाने चाचपून त्याच्या कडा शोधाव्या लागतात. फोटोत लाली दिसते आणि घट्टपणा दिसत नाही, म्हणजे जे मोजायचे नाही तेच फोटो ठळक करून दाखवतो. फोटोवरून दिलेला माँटूचा अहवाल मी अहवालच मानत नाही, आणि या सेवेची ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

दुसरी उणीव ताकदीची. मुलांसाठी आपल्याकडे मान्य असलेले द्रावण म्हणजे २ टीयूचे आरटी २३ हे पीपीडी. कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटने १९५८ मध्ये त्याचा मोठा साठा तयार केला होता आणि पुढे अनेक देशांत तेच प्रमाण ठरले. बाजारात ५ आणि १० टीयूची द्रावणेही मिळतात. ताकद वाढवली की ज्याला या जंतूचा संसर्ग झालेला नाही अशाही मुलाच्या हातावर, पर्यावरणातील इतर निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांच्या, म्हणजे क्षयाच्या जंतूच्याच कुळातील जंतूंच्या, ओळखीमुळे, मोठी प्रतिक्रिया उमटू शकते. आणि घट्टपणा सकारात्मक धरण्यासाठी १० मिलिमीटर ही जी सीमारेषा ठरवली आहे ती १० टीयूच्या द्रावणासाठी ठरवलेलीच नाही. त्यामुळे त्या ताकदीने आलेला आकडा, अगदी नीट मोजला असता तरी, कोणत्या पट्टीवर ठेवून वाचायचा हा प्रश्न उरतोच.

एका शब्दाच्या अहवालाचा परिणाम काय होतो तेही सांगते. तो पाहून ओळखीच्या डॉक्टरांनी मुलीला चार औषधांचे संपूर्ण क्षयोपचार, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘एकेटी’ म्हणतात, ते सुरू करण्याची भाषा केली. मुलीला ताप नव्हता, खोकला नव्हता, वजन घटलेले नव्हते, छातीचा एक्स-रे काढलेला नव्हता. माँटू चाचणी जास्तीत जास्त एवढेच सांगते की जंतू कधीतरी शरीरात शिरला आहे. आजार आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. संसर्ग आणि आजार यांतला हा फरक फार मोठा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये संसर्गाच्या खुणा आढळल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांना हा आजार आयुष्यात कधीही होत नाही. केवळ या चाचणीच्या जोरावर एखाद्या मुलाला महिनोन् महिने चार औषधे देणे कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत बसत नाही.

सोमवारी आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला आणि बालरोग बाह्यरुग्ण विभागात पोहोचलो. तिथे दारावरच एक पाटी होती, की गुरुवारी आणि शुक्रवारी माँटू चाचणी दिली जात नाही. सुरुवातीला ही सरकारी अडवणूक वाटू शकते, परंतु त्यामागचा विचार कळल्यावर मला त्या विभागाविषयी आदर वाटू लागला. त्या दोन दिवशी टोचले तर वाचनाची वेळ शनिवार दुपार ते सोमवार सकाळ यांत अडकते आणि विभाग बंद असल्याने हात पाहणारे कोणी नसते. ज्या ठिकाणी टोचण्याचा वार वाचनाचा वार पाहून ठरवला जातो, तिथे ही चाचणी काय आहे हे कोणाला तरी ठाऊक आहे.

तिथल्या डॉक्टरबाईंनी प्रयोगशाळेचा अहवाल पाहिला, मुलीचा डावा हात हाती घेऊन चाचपला आणि मग समजावून सांगितले. पालक वेळेत आले नाहीत तरी सातव्या दिवसापर्यंत घट्टपणा हाताला लागला तर ती चाचणी सकारात्मक धरता येते. परंतु उशिरा पाहिल्यावर काही लागले नाही, तर त्याचा अर्थ नकारात्मक असा लावता येत नाही. मुलीच्या हातावर आता काहीच लागत नव्हते. म्हणून पहिली चाचणी वाचलीच गेली नाही असे मानून ती दुसऱ्या हातावर योग्य ताकदीने पुन्हा करावी, असे त्यांनी सुचवले. असे लगेच पुन्हा करण्यात धोका नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

तिथल्या सिस्टरांचे काम मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण या संपूर्ण परीक्षणात सर्वाधिक गुण त्यांनाच आहेत. टोचण्यापूर्वी त्यांनी प्रश्न विचारले: गेल्या काही आठवड्यांत गोवर आला होता का, एमएमआरसारखी जिवंत विषाणूंची लस नुकतीच दिली आहे का, स्टिरॉइड असलेले औषध चालू आहे का, यापूर्वी माँटू चाचणी झाली आहे का. गोवर, अशी लस किंवा स्टिरॉइड यांमुळे काही काळ त्वचेची प्रतिक्रिया दबू शकते. लस द्यायचीच असेल तर ती चाचणीच्या दिवशीच द्यावी, आणि आधीच देऊन झाली असेल तर चाचणीसाठी किमान चार आठवडे थांबावे, असे त्यांनी सांगितले. मग शीतपेटीतून बाटली काढून तिच्यावरील २ टीयू ही ताकद आणि मुदत आम्हाला दाखवली, आमच्या डोळ्यांसमोर सिरिंज भरली आणि सुई त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून द्रावण सोडले. त्या जागी संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असलेला पांढरट फुगवटा उमटला. तो उमटला नाही तर द्रावण खोल गेले असे समजून लगेच दुसऱ्या जागी पुन्हा टोचावे लागते, हे त्यांनी शेजारच्या शिकाऊ परिचारिकेला सांगितले आणि आम्हालाही ऐकू दिले. काही मिनिटांत तो फुगवटा विरला. जागेपासून थोड्या अंतरावर पेनाने खूण केली, कार्डावर दिनांक आणि वेळ लिहिली, हात पाहण्याची वेळ केव्हापासून केव्हापर्यंत आहे हे लिहिले. अंघोळ चालेल, मात्र चोळायचे नाही, पट्टी बांधायची नाही, तेल किंवा मलम लावायचे नाही, खाज आली तर थंड पाण्याचे फडके ठेवायचे, अशा सूचना त्यांनी मला न सांगता मुलीलाच सांगितल्या, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मुले अशा सूचना आपल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात.

बुधवारी त्याच सिस्टरांनी हात पाहिला. खिडकीजवळ, कोपर किंचित वाकवून. आधी बोटाच्या टोकाने हलकेच चाचपले. नंतर बॉलपेन त्वचेवर टेकवून बाहेरून आत, टोचलेल्या जागेच्या दिशेने हळूहळू सरकवले आणि जिथे टोकाला अडथळा जाणवला तिथे थांबवले. समोरच्या बाजूनेही तसेच केले. हाताच्या लांबीला आडव्या दिशेत या दोन रेषांच्या टोकांमधील अंतर त्यांनी पारदर्शक पट्टीने मोजले. ते ६ मिलिमीटर भरले. लाली मात्र दीड सेंटिमीटरपर्यंत पसरली होती. या ठिकाणी कोणी फोटो काढून पाठवला असता तर पाहणाऱ्याने १५ मिलिमीटर लिहून मोकळे होण्याची शक्यता किती मोठी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. नंतर डॉक्टरबाईंनी स्वतः हात चाचपून तो आकडा पडताळला. कार्डावर त्यांनी ‘६ मिमी, उजवा हात, २ टीयू, ४९ तास’ असे लिहिले. ‘निगेटिव्ह’ हा शब्द लिहिला नाही. घट्टपणा अजिबात नसेल तेव्हाही आम्ही ‘० मिमी’ असेच लिहितो, म्हणजे पुढे कोणत्याही डॉक्टरांना मुलाची परिस्थिती पाहून स्वतः अर्थ लावता येतो, असे त्यांनी सांगितले.

आपल्याकडे मुलांसाठी १० मिलिमीटर किंवा अधिक घट्टपणा सकारात्मक मानतात, मग बीसीजी ही क्षयाची लस दिलेली असो वा नसो. एचआयव्हीबाधित मुलांमध्ये ही सीमा ५ मिलिमीटर आहे. ‘बीसीजी दिली आहे, म्हणजे चाचणीला अर्थच नाही’ हा समज आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा त्वचेच्या प्रतिक्रियेवरचा परिणाम वय वाढत जाते तसा ओसरतो, आणि घरात क्षयाचा रुग्ण असताना १० मिलिमीटरच्या वरचा घट्टपणा बीसीजीच्या माथी मारून मोकळे होणे धोक्याचे आहे. त्याच वेळी १० च्या आतला आकडा म्हणजे अभयपत्रही नाही. संसर्ग झाल्यापासून प्रतिक्रिया उमटायला दोन ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. कुपोषित मुलांमध्ये, आणि ज्यांना सर्वाधिक गरज असते त्या मेंदूज्वराच्या किंवा शरीरभर पसरलेल्या क्षयाच्या मुलांमध्ये ती अनेकदा उमटतच नाही. तेव्हा ६ हा आकडा आमच्या मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द नव्हता, आणि डॉक्टरबाईंनी तो तसा मानलाही नाही. त्यांनी मुलीचे वजन पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहिले, मानेतील गाठी तपासल्या, छातीचा एक्स-रे काढून घेतला. तो स्वच्छ निघाला.

धाकट्याला त्यांनी माँटू चाचणी केलीच नाही. याचे मला आधी आश्चर्य वाटले. पाच वर्षांखालील मूल फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णासोबत एका घरात राहत असेल, तर आजार नाही एवढी खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायचे असते. त्यासाठी चाचणीची वाट पाहायची नसते. त्याचे कारण वयात आहे. एक वर्षाखालील संसर्गित बाळांना प्रतिबंधक औषध मिळाले नाही तर जवळजवळ निम्म्यांना आजार होऊ शकतो, आणि त्यात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या गंभीर प्रकारांचा वाटा मोठा असतो. ५ ते १० वर्षांच्या वयात हेच प्रमाण सुमारे २ टक्क्यांपर्यंत खाली येते. ज्या वयात धोका सर्वाधिक आहे त्याच वयात चाचणीवर विसंबून दिवस घालवणे परवडणारे नाही. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या सूचनांनी हे प्रतिबंधक उपचार पाच वर्षांवरील घरातील संपर्कितांनाही खुले केले आहेत, आणि चाचणी उपलब्ध नाही म्हणून ते अडवू नयेत असेही त्यात आहे. म्हणून दोन्ही मुलांना वजनानुसार रोज आयसोनियाझिड, सहा महिने, असे ठरले. दोन वर्षांवरील मुलांसाठी आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचा रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड यांचा पर्यायही आहे, हे त्यांनी सांगितले. चार औषधांच्या एकेटीऐवजी एका औषधावर आमची मुलगी आली, ती तिच्या लक्षणांची चौकशी, एक्स-रे आणि नीट वाचलेली चाचणी यांच्या एकत्रित विचारामुळे. नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत झाली. औषध मोफत मिळाले, चाचणीलाही पैसे पडले नाहीत.

रक्ताच्या चाचणीने हे सगळे टळले नसते का, असे मला अनेकांनी विचारले. इग्रा या प्रकारच्या रक्तचाचण्या, ज्यांना प्रयोगशाळांत ‘टीबी गोल्ड’ म्हणतात, बीसीजीमुळे फसत नाहीत आणि त्यांना वाचनासाठी दुसरी खेप लागत नाही, हे त्यांचे खरे बळ आहे. अमेरिकेत स्थलांतरासाठी अर्ज करणाऱ्या भारतातील २ ते १४ वर्षांच्या मुलांना २०१८ पासून वैद्यकीय तपासणीत अशीच रक्तचाचणी करावी लागते, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना ती परिचित आहे. परंतु खासगी प्रयोगशाळांत तिचा खर्च साधारण दोन-तीन हजारांच्या घरात जातो, लहान मुलाचे रक्त काढावे लागते, आणि संसर्ग व आजार यांतला फरक तीही सांगू शकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलेली ‘साय-टीबी’ ही त्वचाचाचणी मला अधिक आशादायक वाटते. तिच्यात क्षयाच्या जंतूतील, पण बीसीजीत नसलेली दोन विशिष्ट प्रथिने वापरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या प्रकारच्या चाचण्यांची शिफारस केली. मात्र भारतात तिला सुरुवातीची मंजुरी १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी मिळाली, म्हणून बालरोग विभागात आजही माँटूचाच आधार आहे. शिवाय साय-टीबीसुद्धा ठरलेल्या वेळी बोटांनी चाचपूनच वाचायची असते, तेव्हा वाचनाची शिस्त तिथेही सुटत नाही. आणि एखादी प्रयोगशाळा क्षयाच्या निदानासाठी रक्तातील आयजीजी, आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी सुचवत असेल, तर पालकांनी तिथून सरळ बाहेर पडावे. या चाचण्यांच्या संचांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

महापालिका रुग्णालयाच्या सेवेत उणिवा नाहीत असे नाही, आणि त्या सांगणे मी टाळणार नाही. बालरोग विभागाकडे जाणारी मार्गिका छातीच्या विकारांच्या विभागासमोरूनच जाते, आणि तिथे मास्क न लावता खोकणारी प्रौढ माणसे आणि लहान मुले एकाच बाकावर बसलेली असतात. क्षयाच्या तपासणीसाठी आलेल्या मुलांना याच ठिकाणी नवा संसर्ग होण्याची भीती निर्माण व्हावी, हे अजिबात स्वीकारार्ह नाही. वाचनासाठी वेगळी रांग नाही. दहा सेकंद हात दाखवायला आलेल्या मुलाला नव्या रुग्णांच्या रांगेत दीर्घकाळ उभे राहावे लागते, रोजंदारीवर काम करणाऱ्या पालकांची त्यासाठी दुसऱ्यांदा मजुरी बुडते, आणि त्यामुळेच कित्येक पालक हात दाखवायला परत येत नाहीत, असे सिस्टरांनीच सांगितले. पीपीडीचा साठाही नेहमी असतोच असे नाही. एका बाटलीतून अनेक मुलांना डोस द्यायचे असतात आणि उघडलेली बाटली फार दिवस वापरता येत नाही, म्हणून मुलांना एकाच दिवशी बोलावले जाते. हे कारण समजण्यासारखे आहे, परंतु ते पालकांना फोनवर आधी सांगितले जात नाही.

गुणांच्या भाषेत सांगायचे तर घरपोच आलेल्या प्रयोगशाळेला मी पाचपैकी एक गुण देईन, तोही तंत्रज्ञांच्या वक्तशीरपणासाठी आणि मुलीशी केलेल्या प्रेमळ वागणुकीसाठी. महापालिका रुग्णालयाला चार. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातही ही चाचणी उत्तम होऊ शकते, जर डॉक्टर स्वतः हात चाचपून पाहणार असतील तर. जिथे जाल तिथे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे: द्रावण किती टीयूचे आहे, हात कोण आणि कधी पाहणार, आणि अहवालावर मिलिमीटरमध्ये आकडा मिळेल का. फोटो पाठवा असे उत्तर आले तर नोंदणी करू नये. सरकारी रुग्णालयात जायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करून पीपीडी उपलब्ध आहे का आणि चाचणी कोणत्या वारी देतात एवढे विचारावे, आणि घरी क्षयाचा रुग्ण असून मूल पाच वर्षांखालील असेल तर चाचणीची तारीख मिळेपर्यंत थांबू नये. ‘संपर्कातील मूल आहे, प्रतिबंधक औषधासाठी तपासा’ असे सांगून त्याच दिवशी बालरोग विभागात दाखवावे.